काटेरी पट्टी की स्प्रिंगचा चिमटा?

आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर दोन खिळे आहेत. एकावर पिवळी प्लॅस्टिकची काटेरी पट्टी लटकते, दुसऱ्यावर स्टीलच्या स्प्रिंगचा लांब चिमटा. सोसायटीत कुणाची मोरी तुंबली की आमची बेल वाजते आणि येणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी चिमट्याकडे जातो. त्यात त्यांची चूक नाही. चिमटा हत्यारासारखा दिसतो. पुढे चार बोटं, मागे दाबायचं बटण, हातात घेतला की आपल्यालाही थोडंफार प्लंबिंग येतं असं वाटायला लागतं. पट्टी मात्र नव्या शर्टाच्या कॉलरखालून निघालेल्या प्लॅस्टिकसारखी दिसते. मीही पहिल्यांदा चिमटाच घेतला होता.

घेतला पुण्याच्या बोहरी आळीतून. दुकानदाराने दोन्ही वस्तू काउंटरवर टाकल्या. यातलं कुठलं चांगलं, असं विचारल्यावर "तुम्हाला कुठलं पाहिजे?" असं उत्तर आलं. रविवार पेठेत याहून जास्त सल्ला फुकट मिळत नाही. चिमटा दीडशेला पडला. तीस रुपयांच्या पट्टीकडे मी नीट पाहिलंही नाही.

घरात आई, बायको आणि मुलगी. आईचा अंबाडा आता लिंबाएवढा उरलाय, पण मुलीची वेणी कमरेखाली जाते. माणसाचे दिवसाला 50 ते 100 केस सहज गळतात. त्यातले बरेचसे केस धुण्याच्या दिवशी एकदम वाट धरतात, आणि केस काही लवकर कुजत नाही. आई अजून फणीतलं गुंतवळ बोटाला गुंडाळून पिशवीत जमवते, केसांवर भांडी देणारी बाई येईल म्हणून. फणीतलं पिशवीत जातं, अंगावरून वाहिलेलं मोरीत जातं. त्याच्यावर भांडी कोणी देत नाही.

चिमट्याची खरी परीक्षा झाली ती नरकचतुर्दशीला. पहाटे साडेपाच, तेल झालेलं, उटणं झालेलं, दोघांच्या अंघोळी उरकल्या आणि तिसऱ्याला पाणी घोट्याला लागलं. दिवाळीच्या पहाटे प्लंबरला फोन करण्यात अर्थ नव्हता. जाळी उचलली, चिमटा आत सोडला, बटण दाबलं, सोडलं, ओढला. पहिल्या खेपेला वर आली कारिटाची साल. ती पाहून मी चिमट्यावर फार खूश झालो, आणि ते श्रेय त्याचं त्याला द्यायलाच हवं. टणक, सुटी वस्तू असेल तर तो बोटांनी बरोबर उचलतो. शॅम्पूच्या पुडीचा कोपरा, साबणाची चिपटी, मुलीची टिकटॅक पिन, हे सगळं त्याने नंतरही काढून दिलंय. पट्टीला यातलं काही जमत नाही.

केसांचं मात्र वेगळं आहे. चिमट्याची बोटं उघडतात ती समोर, तीही दोन-अडीच सेंटीमीटर. जाळीखालच्या वाकड्या पाइपात, म्हणजे ट्रॅपच्या वळणात, तेवढी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बोटं भिंतीला घासतात आणि अर्धवटच उघडतात. सापडेल तेवढा पुंजका पकडायचा, तो ओढताना निम्मा सुटतो, परत आत. सात-आठ खेपा झाल्या. शेवटी एकदम गुळगुळ आवाज आला, पाणी गेलं, घरात टाळ्या पडल्या.

खरा वैताग त्यानंतर सुरू झाला.

चिमट्याचं सगळं अंग स्प्रिंगचं आहे. ट्रॅपच्या वळणात तो वाकला की बाहेरच्या बाजूने त्याचे वेढे उघडतात आणि केस त्या फटींत शिरतात. बाहेर काढून सरळ केला की वेढे मिटतात आणि केस आत धरून बसतात. म्हणजे मोरीतून काढलेलं निम्मं गुंतवळ आता चिमट्यात. त्यातून ते काढायचं तर एका हाताने स्प्रिंग धनुष्यासारखी वाकवायची, दुसऱ्या हातातल्या सेफ्टी पिनने एकेक केस उचकटायचा. तो तुटतो आणि तुटका तुकडा आणखी आत जातो. वर तेल, उटणं आणि शिकेकाईचा चिकट राखाडी लगदा. जुना टूथब्रश लावला तर लगदा वेढ्यांच्या आत गेला. बाहेर फटाके वाजत होते, चकल्यांचा वास येत होता आणि मी बाल्कनीत पाटावर बसून चिमट्याचे केस विंचरत होतो. आतून बायको म्हणाली, "अहो, फराळाला येताय, की नरकासुराची वेणी घालून झाल्यावर?"

बरं, एवढं करूनही तो पूर्ण साफ होत नाही. बटणाची तार स्प्रिंगच्या आतून जाते, तिथलं पाणी वाळत नाही. संक्रांतीपर्यंत खिळ्याखालच्या टाइलवर तांबूस ओघळ आला, तो अजून आहे. माझ्या वाट्याला आलेला चिमटा कदाचित हलका असेल, चांगल्या स्टीलचा जास्त टिकेलही. पण वेढ्यांत केस अडकणं हा काही स्टीलचा दोष नाही, ती स्प्रिंगची जातच आहे. मोरी साफ करायला दहा मिनिटं आणि मोरी साफ करणारी वस्तू साफ करायला पाऊण तास, हा हिशोब मला काही पटला नाही.

पट्टी आणली ती या रागात, तुळशीबागेत उटण्याच्या रिकाम्या वाट्या बदलून घ्यायला गेलो होतो तेव्हा. अर्ध्या मीटरहून थोडी लांब, बोटभर रुंद, दोन्ही कडांना उलटे दात. हिला काही पकडावं लागत नाही, हे तिचं मोठं वैशिष्ट्य. केस लांब असतो, कुठेतरी एका दाताला अडकला की पुरे, बाकीचा त्याच्या मागे येतो. शिवाय दात कडेने असल्यामुळे पट्टी नुसती शेजारून गेली तरी काम होतं. समोर पुंजका नेमका कुठे आहे ते माहीत असायची गरज नाही. पहिल्या रविवारी पहिल्याच ओढीत उंदराच्या शेपटीसारखं वीतभर काहीतरी बाहेर आलं, आणि मुलगी किंचाळून पळाली. तिचेच केस होते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. पट्टी एकाच दिशेने वाकते, सपाट बाजूने. फुटपट्टी जशी कडेवर वाकत नाही, तसंच. त्यामुळे आधी मोबाइलचा टॉर्च मारून ट्रॅपमधून पाणी कुठल्या बाजूला जातं ते बघायचं आणि पट्टीची सपाट बाजू तिकडे करून सोडायची. नुसती खुपसली की ती ट्रॅपच्या तळाला टेकून अडते आणि माणूस म्हणतो, "छे, आत जातच नाही." आत गेली की पाव फेरी फिरवायची आणि सावकाश वर घ्यायची. हिसका दिला की दात तुटतात. माझ्या पहिल्या पट्टीचे चार दात दुसऱ्याच दिवशी गेले, ते माझ्या हिसक्यांमुळे.

साफ करणं? जुनं वर्तमानपत्र दुमडून पट्टीवर धरायचं आणि दातांच्या कलाने, हातात धरायच्या टोकाकडे ओढायचं. गुंतवळ कागदात, कागद कचऱ्यात. अर्धा मिनिट. पट्टी नळाखाली धरली की झाली. पाच-सहा वेळा वापरल्यावर दात बोथट होतात, मग तीस रुपये परत. प्लॅस्टिक फेकायचं जिवावर येतं, हे कबूल. बारीक कात्रीने दातांना परत टोक करून मी एक पट्टी वर्षभर ओढली आहे. सदाशिव पेठेत बालपण गेल्याचा तेवढा तरी उपयोग.

लांबीसाठी चिमटा घ्यावा असं काहींना वाटतं. मला तरी लांबीची गरज फारशी पडलेली नाही. न्हाणीच्या ट्रॅपमध्ये वास आणि झुरळं अडवायला साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम उभं असतं, आणि केस जमतात ते बहुतेक त्या पाण्याच्या आसपास, जाळीपासून वीत-दीड वीत खाली. त्याच्या पुढे, चेंबरकडे जाणाऱ्या पाइपात तुंबलं असेल तर दीड मीटरचा चिमटाही तिथे पोहोचून फार काही करत नाही. तिथे हँडल फिरवून आत सोडायची ड्रमवाली तार लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याला बोलवावं. ओळखायची सोपी खूण म्हणजे फक्त एक मोरी तुंबली की केस, पण बाथरूम आणि वॉशिंग मशीनचं पाणी दोन्ही एकदम वर यायला लागलं की दुखणं पुढचं.

चिमट्याची बाजू घ्यावी लागेल अशी एक जागा आहे, ती माझ्या वहिनीच्या घरी सापडली. आमच्याकडे पाणी खडकवासल्याचं, मऊ. आमच्या मोरीतलं गुंतवळ म्हणजे ओला, बुळबुळीत, पण सुटा पुंजका. वहिनी वाघोलीला राहते, तिच्याकडे बराच काळ टँकर आणि बोअरचं जड पाणी. साबण त्या पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून पांढरा साका धरतो आणि तो केसांवर चढत जातो. तिच्या ट्रॅपमधून जे निघालं ते केसांचं नव्हतं, मेणात बुडवलेल्या काथ्याचं वाटत होतं. पट्टी त्यावर टेकवली की वाकून परत यायची. चिमट्याचं अंग जरा ताठ, त्याने तो गोळा ठोसे मारून फोडला आणि मग पट्टीने ओढून काढला. तुमच्याकडे बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर दोन्ही असावेत, किंवा एकच घ्यायचा तर चिमटा, असं म्हणावं लागेल. जरा जड मनाने म्हणतोय.

बेसिनला दोन्हीतलं काही नको. खाली बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप असेल तर बादली लावून हाताने फिरवून तळाचा कप काढा, सगळं त्यातच असतं. पट्टी वरून घालायला गेलात तर बेसिनच्या भोकात बसवलेल्या वेस्ट कपलिंगच्या अधिक चिन्हासारख्या आडव्या पट्ट्यांत तिचे दात अडकतात. आत जाताना खुशीने जाते, परत येताना येत नाही. माझा एक तुकडा तिथे राहिला होता, शेवटी कपलिंग खोलावं लागलं. कप बसवताना रबरी वॉशर परत घालायला विसरू नका, एवढंच.

मोरीत टाकायच्या पावडरीबद्दल दोन शब्द. कॉस्टिक सोड्याने केस विरघळतात हे खरं, पण सावकाश, आणि पाण्याशी गाठ पडताच तो तापतो. कमी पाण्यात टाकला तर ट्रॅपमध्ये दगडासारखा घट्ट बसतो, हे मी एका ओळखीच्यांकडे पाहिलंय. तो टाकलेल्या मोरीत नंतर पट्टी किंवा चिमटा घालू नका, वर येणारं पाणी कातडी जाळतं. आणि पावडरीने काम झालं नाही म्हणून वरून संडास साफ करायचं ॲसिड ओतायचं तर मुळीच नाही. रबरी पंप पाणी हलवतो, केस हलवत नाही. माझे वडील छत्रीच्या काडीचा आकडा करून वापरायचे, तो या सगळ्यांपेक्षा बरा होता, पण आता तशा छत्र्या मिळत नाहीत.

तेव्हा साधी मोरी, महापालिकेचं पाणी आणि घरात लांब केस असतील तर मी पट्टीच घेईन. दोन घ्या, एक तुटतेच. काम झालं की ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, नाहीतर रात्री घरभर गटाराचा वास. हत्याराची हौस असेल तर चिमटाही घ्या, मी कोण नाही म्हणणार. माझा अजून खिळ्यावर आहेच.

गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. मी पट्टी पुढे केली. त्या म्हणाल्या, "नको, ती नाजूक वाटते, हाच द्या," आणि चिमटा घेऊन गेल्या. संध्याकाळी "धुऊन आणलाय हं" असं म्हणत परत दिला. खिळ्यावर अडकवताना जरा वाकला, वेढे उघडले, तर आत मेंदी लावलेले लाल केस.