ऑक्सिजन सेन्सरचं कोटिंग: पॉलिस्टायरीन घ्यावं का सिलिकॉन?

नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायला चमकणारं कोटिंग करून राहिला असशील तर भाऊ, डायसोबतच (म्हणजे चमकणारा रंग) तो ज्यात कालवायचा ते पॉलिमरही ठरव. ऑक्सिजन धडकला की डायची चमक मंदावते, पण तो डायपर्यंत किती पोचेल हे पॉलिमरच्या हातात.

जो जास्त ऑक्सिजन आत घेतो तोच बेस्ट, असं मलाही वाटायचं. सिलिकॉनमधून पॉलिस्टायरीनपेक्षा दोनशेच्या आसपास पट जास्त ऑक्सिजन जातो न, मग प्रश्नच मिटला! पण प्लॅटिनम पॉरफिरिन या डायची चमक पॉलिस्टायरीनमध्ये 60 मायक्रोसेकंदांच्या आसपास टिकते, एवढा वेळ मिळाल्यावर सिलिकॉनमध्ये साध्या हवेतच ऑक्सिजन तिला बहुतेक विझवून टाकतो, मग मोजायचं काय? म्हणून रेंगाळणाऱ्या डायला घट्ट पॉलिमर आणि आपोआप झटपट विझणाऱ्या रुथेनियमवाल्या डायला मोकळं सिलिकॉन. त्यातही रुथेनियमचे क्षार सिलिकॉनमध्ये नीट विरघळत नाहीत, नारिंगी ठिपके दिसतात, म्हणून आधी ते सिलिका जेलच्या पावडरीवर बसवतात अन् मग सिलिकॉनमध्ये कालवतात.

पॉलिस्टायरीन स्वस्त, टोल्युइनमध्ये आरामात विरघळतं. मी ते ॲक्रिलिकच्या पट्टीवर लावलं, टोल्युइनने पट्टीच खाल्ली, पांढरी फटक अन् चिकट! काच किंवा पॉलिएस्टर फिल्म घे.

इथाइल सेल्युलोज या दोघांच्या मधलं, पॉलिस्टायरीनपेक्षा जास्त ऑक्सिजन सोडतं, टोल्युइन आणि इथेनॉलच्या मिश्रणात विरघळतं. वायूत मोजायचं असेल तर मी हेच घेईन, पाण्यात बुडवून ठेवायचं तर थोडं जपून, ते जरा पाणी धरतं. पीव्हीसी नकोच, त्यातला प्लॅस्टिसायझर (मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू निघून जातो अन् कॅलिब्रेशन सरकतं.

थर पातळच ठेव बरं. जाडी दुप्पट केली की रिस्पॉन्सला चौपट वेळ, पण फारच पातळ केला तर चमक कमी पडते.

तलावासाठी माझं मत पॉलिस्टायरीन आणि प्लॅटिनम पॉरफिरिन. पॉलिस्टायरीन 100 डिग्रीच्या आसपास मऊ होतं, म्हणजे आपल्या मे महिन्यातही टिकेल, पण रीडिंग तापमानाने हलणारच. समुद्रसपाटीला 20 डिग्रीच्या पाण्यात 9.1 मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, 30 ला 7.6 च. एसीत 25 ला कॅलिब्रेट करून तापलेल्या काठावर गेलास तर खरा ऑक्सिजन उतरलेला अन् सेन्सर मात्र चढलेला दाखवणार, म्हणून तापमानाचा प्रोब सोबत बांधूनच ने.