पीएसएममध्ये एमडी की एमपीएच?

एमबीबीएसनंतर नीट-पीजीचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा, रँक लागला, मेडिसिन-सर्जरी हाती लागत नाही, कौन्सेलिंगच्या यादीत कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे आपलं जुनं पीएसएम (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र), तेवढं दिसतंय. त्यात कोणीतरी सुचवतं, 'त्यात एमडी करण्यापेक्षा एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) कर, दोन वर्षांत मोकळा.' अभ्यास दोन्हीकडे बराचसा तोच: साथरोगशास्त्र, बायोस्टॅट (आरोग्याची संख्याशास्त्रं), लसीकरण, आरोग्यशिक्षण. बाकी मात्र बरंच वेगळं.

एमडी 3 वर्षांचं, पण निवासी डॉक्टर म्हणून दरमहा विद्यावेतन मिळतं. एमपीएच 2 वर्षांचं आणि फी आपल्या खिशातून. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज असेल तर निम्मा निकाल इथेच लागतो.

मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल तर एमडीच करा. हा विभाग प्रत्येक कॉलेजला ठेवावाच लागतो, त्यामुळे जागा निघत राहतात. एमपीएचवाल्यांना काम मिळतं ते एनजीओत, संशोधन प्रकल्पात किंवा राष्ट्रीय आरोग्य अभियानात (एनएचएम), आणि तेही बहुतेकदा कंत्राटी. फंडिंग संपलं की पुन्हा बायोडेटा पाठवायला सुरुवात.

मग एमपीएच करायचं कशाला? माझ्या मते, वर्गातल्या सोबत्यांसाठी. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात 1997 साली हा अभ्यासक्रम सुरू झाला. आज मुंबईत टिसमध्येही (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे. एमपीएचच्या बाकावर शेजारी दंतवैद्य असतो, बीएएमएस असतो, समाजकार्य शिकलेली मुलगी असते. गावात जुलाबाची साथ आली की आपण जंतू कोणता ते विचारतो. ती विचारते, पाणी भरायला कोण जातं आणि कुठून. एमडीच्या 3 वर्षांत आजूबाजूला सगळे डॉक्टरच, तिथे हा प्रश्न आपला आपल्यालाच सुचावा लागतो.

एमडीचा कस मात्र कॉलेजागणिक बदलतो. सेवाग्रामला एमबीबीएसच्या बॅचलाही गाव दत्तक घ्यावं लागतं. काही ठिकाणी पीजीची मुलं रजिस्टरं भरण्यातच अडकतात. सीट घेण्याआधी तिथल्या रेसिडेंटला गाठून एवढंच विचारा: आठवड्यातून किती दिवस जीप गावात जाते?

गावांत आरोग्यसेवा उभी करणारे जामखेडचे आरोळे आणि गडचिरोलीचे बंग या दोन्ही डॉक्टर दांपत्यांनी एमपीएच केलं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. पण कधी? रुग्ण तपासण्यात काही वर्षं घालवल्यावर. म्हणून इंटर्नशिप संपताच एमपीएचला पळू नये, असं मला वाटतं. बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात काढा, आशाताईंबरोबर घरं फिरा. वर्गात मग विचारायला स्वतःचे प्रश्न असतील.

बीएएमएसवाल्यांना ही एमडी बंद, पण आयुर्वेदातली स्वस्थवृत्ताची एमडी उघडी आहे, तीही प्रतिबंधाचीच. आयुर्वेद कॉलेजात शिकवायचं असेल तर ती घ्या. लगेच पगार हवा असेल तर सीएचओचा (समुदाय आरोग्य अधिकारी) 6 महिन्यांचा कोर्स करून उपकेंद्र गाठा. एमपीएच त्यानंतरही करता येतं.