लोटस एलान: मूळ अवस्थेतली घ्यावी की रिस्टोअर केलेली?

समोर लोटस या ब्रिटिश कंपनीच्या दोन एलान स्पोर्ट्स कार आहेत, दोन्ही १९६०च्या दशकातल्या, किंमतही जवळपास सारखी. एकीचा रंग विटलाय, सीटची शिवण उसवलीय, पण कुणी फारसा हात लावलेला नाही. दुसरी रिस्टोअर केलेली, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखी केलेली, नव्या रंगात चकाकतेय. बहुतेक जण दुसरीकडे वळतात. आमचं मत पहिलीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: तिची चॅसी, म्हणजे गाडीचा पोलादी सांगाडा, शाबूत हवी.

एलान १९६२ साली आली. दुमडलेल्या पत्र्याची, पाठीच्या कण्यासारखी मधोमध जाणारी चॅसी, वर फायबरग्लासची बॉडी, १,५५८ सीसीचं ट्विन-कॅम (दोन कॅमशाफ्टचं) इंजिन आणि वजन ७०० किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी मुद्दाम मऊ स्प्रिंगा आणि अरुंद टायर दिले. स्टीअरिंगमधून रस्ता हाताला कळतो तो या जोडणीमुळे. रिस्टोअर करताना हीच जोडणी सर्वांत आधी मोडते. कडक स्प्रिंगा, सांध्यांत रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश, रुंद टायर घातले की गाडी दिसते जोरकस, पण खडबडीत रस्त्यावर उड्या मारते आणि स्टीअरिंग जड होतं. हात न लावलेल्या गाडीत हा तोल बहुधा टिकलेला असतो. रबर म्हातारं झालेलं असेल, तर ते मूळ मापाचंच नवं घालता येतं.

आता अटीकडे. चॅसीचा पुढचा आडवा भाग आणि त्यावरचे पुढच्या सस्पेन्शनचे उभे मनोरे इथे पाणी साचतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजतात आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून रंग ठीक दिसतो. हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. एलानचे पुढचे दिवे एरवी बॉडीत दडलेले असतात, ते इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) वर उघडतात आणि त्या व्हॅक्यूमची टाकी म्हणजे चॅसीचा हाच आडवा भाग. सुरुवातीच्या मालिकांत व्हॅक्यूम दिवे वर धरून ठेवतो. इंजिन चालू करून दिवे वर घ्या, इंजिन बंद करा आणि बघत राहा. दिवे लगेच खाली बसू लागले तर गळती आहे. आधी नळ्या आणि एकदिशा झडप तपासा. त्या ठीक असतील तर संशय चॅसीवर. मग गाडी लिफ्टवर घेऊन टोकदार सळईने मनोऱ्यांचा पायथा टोचून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेली) बदली चॅसी मिळते, त्यामुळे चॅसी बदललेली असणं हा दोष नाही. उलट मूळ बॉडी, मूळ आतली सजावट आणि कधीतरी नीट बदललेली चॅसी, बिलासकट, ही आमच्या मते सर्वांत चांगली खरेदी.

बॉडीच्या बाबतीत जुना रंग खरं बोलतो. चाकांच्या कमानींवर आणि बिजागऱ्यांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा दिसतील. त्या दिसताहेत म्हणजे त्यांचा हिशेब मांडता येतो. रिस्टोअर केलेल्या गाडीत त्याच तडा घासून, फायबरग्लासचे नवे थर देऊन भरल्या, की नुसता फिलर (भराव लेप) आणि रंग मारला, हे कामाच्या फोटोंशिवाय कळत नाही. नुसत्या रंगाखालच्या तडा पुन्हा वर येतात.

यंत्रभागात मात्र रिस्टोअर केलेली गाडी पुढे असू शकते. वॉटर पंप टायमिंग कव्हरमध्येच बसवलेला असतो. त्याचं बेअरिंग गेलं की मूळ रचनेत सिलिंडर हेड आणि संपपर्यंत (इंजिनाखालच्या तेलाच्या तळापर्यंत) हात घालावा लागतो. कार्ट्रिज पंप, म्हणजे वेगळा काढता-घालता येणारा पंप, बसवला असेल तर ही कटकट वाचते. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर चार रबरी कपलिंग असतात, त्यांना डोनट म्हणतात. बोल्टांच्या मधल्या रबरात चीर दिसली तर चारही बदला. रबर पिळलं जातं म्हणून क्लच सोडताना गाडी हिसके देते. डोनटऐवजी सीव्ही जॉइंटचे (धातूच्या फिरत्या सांध्यांचे) शाफ्ट घातले की ते हिसके जातात. हा बदल आम्हाला मान्य आहे.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी थेट स्टार्ट करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, इंजिन हाताने फिरवा, मग प्लग न लावताच स्टार्टरने तेलाचा दाब येऊ द्या. त्याआधी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या हव्यात. वेबर कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) आहे. वरून पेट्रोल ठिबकलं तर ते ठिणगीजवळ पडतं, आणि फायबरग्लास जळतं. ब्रेकचं तेल, होज, कॅलिपरची सीलं नवीन घाला. पुढच्या ट्रनियनमध्ये (चाक वळवणाऱ्या खालच्या सांध्यात) ग्रीस नव्हे, ईपी ९० हे गिअरचं तेल घाला. दिवा मंद लागला तर बल्बआधी अर्थची तार पाहा, कारण फायबरग्लासमधून वीज परत येत नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी: ४० वर्षांहून जुन्या गाडीला रोड टॅक्स माफ होऊ शकतो. मोठे फेरबदल केलेले नसतील तर एमओटीही (गाडीची वार्षिक सक्तीची तपासणी) लागत नाही, आणि मूळ नमुन्याची बदली चॅसी हा फेरबदल धरला जात नाही. तरी एमओटी करून घ्या. ब्रेक आणि सस्पेन्शन दुसऱ्याच्या नजरेखालून जातात.

विकत घेतल्यावर लगेच चालवायची असेल आणि बॉडी चॅसीवरून उतरवल्याचे फोटो, बिलं सगळं समोर असेल, तर रिस्टोअर केलेली खुशाल घ्या. स्प्रिंगा आणि टायर नंतर मूळ मापाचे करून घेता येतील.