लोकसंख्येचा नकाशा: क्षेत्रघनी की टिंबांचा?

सांगली जिल्ह्यावर प्रकल्प करणारी मुलं हल्ली क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक प्रणालीत तालुक्यांच्या सीमा घेतात, जनगणनेचा तक्ता जोडतात आणि बसल्या बैठकीला क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे प्रत्येक तालुक्याला त्याच्या आकड्यानुसार एकच छटा देणारा नकाशा, करून टाकतात. त्यात गैर काही नाही. साक्षरता, लिंग गुणोत्तर, ओलिताखालच्या जमिनीची टक्केवारी यांसाठी मीही तोच घेतो. पंचायत समितीच्या बैठकीत प्रत्येकाला आधी आपला तालुका कोणत्या छटेत आहे ते पाहायचं असतं, आणि ते या नकाशावर लगेच कळतं.

माणसं नेमकी कुठं राहतात हे दाखवायचं असलं की मात्र मी अडतो, आणि तो शिराळा तालुक्यापाशी. तालुक्याची घनता काढली, एक छटा ठरली, की ती मांगल्यापासून थेट चांदोलीच्या रानापर्यंत सारखी पसरते. वारणाकाठची ऊसपट्ट्यातली भरलेली गावं आणि राष्ट्रीय उद्यानातलं जंगल एकाच रंगाचं. जिथली गावं उठवून दुसरीकडे वसवली, तिथेही हा नकाशा माणसं दाखवतो. वसंतसागर जलाशयावरही तोच रंग! मी वर्गांतरं (छटांसाठी केलेले आकड्यांचे गट) बदलली, छटा बदलल्या, फरक पडला नाही; कारण सीमेच्या आत सगळं सारखं धरणं हाच या पद्धतीचा पाया आहे. साताऱ्यात पाटण तालुका घ्या, कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळे तिथेही हेच होतं. त्यात सांगलीतलाच जत तालुका. क्षेत्रफळ जिल्ह्याच्या साधारण चौथा हिस्सा, लोकसंख्या आठव्या हिश्श्याहूनही कमी, तरी नजर आधी तिथेच जाते.

टिंब पद्धतीला, म्हणजे ठरावीक माणसांमागे एक टिंब मांडण्याला, कष्ट पडतात हे खरं. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 28,22,143 होती. एका टिंबाला 2,000 माणसं धरली तर सुमारे 1,400 टिंबं होतात. ती संगणकावर सोडली तर तालुक्यात कुठेही पडतात, कृष्णेच्या पात्रातसुद्धा. म्हणून जंगल, जलाशय, नदीपात्र आधी वगळायचं आणि गावनिहाय तक्ता घेऊन टिंबं गावठाणांच्या आसपास बसवायची. एवढं केलं की पलूस-वाळव्याचा कृष्णाकाठ दाट दिसतो, आटपाडी-जतकडे टिंबं सुटी होत जातात आणि चांदोली मोकळी राहते. ज्याने हा मुलूख पाहिलाय त्याला तो ओळखीचा वाटतो. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये टिंबांचा डाग होतो, तिथे मी एक वर्तुळ काढतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ लोकसंख्येच्या प्रमाणात हवं, म्हणजे त्रिज्या वर्गमुळावरून काढायची.

समघनी नकाशा, म्हणजे सारख्या मूल्याच्या जागा रेषेनं जोडणारा, पावसासाठी उत्तम. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरहून जास्त आणि शंभर किलोमीटरच्या आत माणमध्ये 500 च्या आसपास, ही उतरण रेषांनीच दाखवावी. लोकसंख्येला तो मी सुचवणार नाही. वस्ती गावठाणाशी एकवटते आणि शिवार लागलं की एकदम संपते.

तुमच्याकडे गावनिहाय तक्ता नसेल किंवा उद्याच नकाशा द्यायचा असेल, तर क्षेत्रघनी करा. फक्त शीर्षकात ‘तालुकानिहाय सरासरी घनता’ असं स्पष्ट लिहा. दोन-चार दिवसांची सवड असेल तर माझं मत टिंबांना. सुरुवात शिराळ्यापासून करा, उद्यानाची हद्द आधी बाजूला काढा, आणि टिंबाचं मूल्य ठरवताना पलूसचा एक तुकडा कागदावर छापून बघा. टिंबं एकमेकांत मिसळत असतील तर 2,000 ऐवजी 3,000 धरा.