फ्लिर ई८-एक्सटी थर्मल कॅमेरा: पॅनलसाठी डोळे मिटून विकत घ्या, खांबावरच्या तारांसाठी नको

एलटी (कमी दाबाचे) पॅनल, एमसीसी (मोटारींचे कंट्रोल पॅनल), कॅपॅसिटर बँक, मोटारींचे टर्मिनल बॉक्स ही कामं करणाऱ्या मेंटेनन्सवाल्यांसाठी आणि इलेक्ट्रिकल कंत्राटदारांसाठी फ्लिर ई८-एक्सटी हा भरवशाचा कॅमेरा आहे. पण ११ केव्हीच्या खांबावरचे जंपर (तारा जोडणारे तुकडे) आणि क्लॅम्प जमिनीवरून बघायचे असतील तर हा घेऊ नका. दोन्हीचं कारण एकच, त्याची लेन्स.

डिटेक्टर (उष्णता टिपणारा सेन्सर) ३२० × २४० पिक्सेलचा आहे, म्हणजे एका फोटोत ७६,८०० ठिकाणचं तापमान. लेन्स ४५ × ३४ अंशांची आणि पक्की बसवलेली. बदलता येत नाही, फोकसही करावा लागत नाही. कोन रुंद असल्यामुळे अरुंद पॅनल रूममध्ये मागची भिंत पाठीला टेकलेली असतानाही काम होतं. एक मीटरवरून साधारण ८३ सेंटिमीटर रुंद आणि ६१ सेंटिमीटर उंच भाग एका फोटोत येतो. पॅनलचा एक कप्पा त्यात आरामात बसतो.

याच रुंद कोनाची किंमत लांबून मोजावी लागते. एक पिक्सेल एक मीटरवर २.६ मिमी जागा बघतो. नुसत्या एका पिक्सेलवर विश्वास ठेवायचा नसतो. निदान ३ × ३ पिक्सेल पूर्णपणे वस्तूवर पडायला हवेत. म्हणजे एक मीटरवरून ८ मिमीची वस्तू नीट मोजता येते, तीन मीटरवरून अडीच सेंटिमीटरची आणि दहा मीटरवरून जवळपास ८ सेंटिमीटरची. खांबावरचा क्लॅम्प त्याहून लहान असतो आणि त्याच्या मागे थंड आभाळ असतं. दोन्हीची सरासरी होऊन क्लॅम्प आहे त्यापेक्षा कितीतरी थंड दिसतो. जळायला आलेला जोड 'ओके' म्हणून रिपोर्टमध्ये जातो, तो असा. त्या कामाला टेलिफोटो लेन्स लागणारा कॅमेराच हवा.

जवळची मर्यादा अर्ध्या मीटरची आहे. त्याहून आत गेलात की चित्र धूसर होतं आणि आकडा पडतो. पीसीबीवरचे (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवरचे) बारीक भाग तपासायला म्हणून हा कॅमेरा घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

बाकी कागदावरचे आकडे असे: संवेदनशीलता ०.०५ अंशापेक्षा कमी, मोजमापाचा पल्ला उणे २० ते ५५० अंश सेल्सिअस, अचूकता ± २ अंश किंवा ± २ टक्के, वजन बॅटरीसकट ५७५ ग्रॅम. संवेदनशीलता आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार त्या सर्रास एक करून सांगतात. शेजारशेजारच्या दोन लगांमध्ये (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपणांमध्ये) अर्ध्या अंशाचा फरक असेल तर हा कॅमेरा तो स्वच्छ दाखवेल, पण लग नेमका ६४ अंशांवर आहे की ६६ वर, हे तो सांगू शकत नाही. म्हणून पॅनलचं निदान तुलनेवर करायचं, एकट्या आकड्यावर नाही.

सेकंदाला ९ चित्रं येतात. याहून वेगवान कॅमेऱ्यांना निर्यातीचे कडक नियम लागतात, म्हणून या वर्गातले बरेच कॅमेरे इथेच थांबतात. वापरताना एवढंच पाळायचं की पॅनलवरून कॅमेरा झरझर फिरवायचा नाही. थांबायचं, कोपर अंगाला टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा.

एमिसिव्हिटी, म्हणजे सगळ्या चुकांचं मूळ

कॅमेरा तापमान मोजत नाही. तो पृष्ठभागावरून येणारं इन्फ्रारेड मोजतो आणि तुम्ही दिलेली एमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती सोडतो त्याचं ० ते १ मधलं प्रमाण) धरून तापमानाचा हिशेब करतो. सेटिंगमध्ये मॅट, सेमी-मॅट आणि सेमी-ग्लॉसी असे तयार पर्याय आहेत (०.९५, ०.८० आणि ०.६०) आणि स्वतः आकडाही भरता येतो.

हे समजून घ्यायला प्रयोगशाळा नको. स्टीलच्या टोपात कडकडीत गरम पाणी घ्या, बाहेरून काळ्या पीव्हीसी टेपची दोन इंची पट्टी घट्ट चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि अर्ध्या मीटरवरून बघा. पट्टी पाण्याच्या जवळपासचं तापमान दाखवेल. तिच्या शेजारचं चकचकीत स्टील, त्याच टोपाचं आणि तेवढंच तापलेलं, निम्म्या आकड्यावर बसलेलं दिसेल. नीट पाहिलंत तर त्या स्टीलमध्ये कॅमेरा धरलेल्या माणसाची धूसर आकृती हलताना दिसेल. स्टील स्वतःची उष्णता फार थोडी सोडतं आणि समोरच्याची परत पाठवतं.

पॅनलमधला उघडा, चकचकीत बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) म्हणजे हाच टोप. त्याची एमिसिव्हिटी ०.१ धरा आणि खोलीचं तापमान ३५ अंश. बसबार खरोखर ८५ अंशांवर असला तरी ०.९५ च्या सेटिंगवर कॅमेरा ४१-४२ च्या आसपास दाखवतो. एमिसिव्हिटी ०.१ करून आकडा दुरुस्त करायचा मोह होतो, पण तो करू नका. एवढ्या कमी एमिसिव्हिटीवर परावर्तनातली जराशी चूकही आकडा वीस-वीस अंशांनी हलवते. उपाय वेगळा आहे: शटडाऊन मिळेल तेव्हा प्रत्येक महत्त्वाच्या जोडाजवळ काळ्या टेपचा तुकडा किंवा मॅट रंगाचा ठिपका देऊन ठेवा. पुढची कित्येक वर्षं तोच तुमचा मोजण्याचा बिंदू. चालू पॅनलमध्ये टेप लावायला हात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरीही सांगतो. तोवर लगाच्या शेजारची केबलची इन्सुलेशन किंवा हीट-श्रिंक स्लीव्ह वाचा. तिची एमिसिव्हिटी ०.९५ च्या जवळ असते.

ॲक्रिलिकचं कव्हर आणि पॅनलच्या दाराची काच यांतून या कॅमेऱ्याला काहीही दिसत नाही. डोळ्यांना पारदर्शक, पण ७.५ ते १३ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडला ती भिंतच. काचेतून काढलेला फोटो हा काचेचा फोटो असतो.

पॅनल स्कॅन करताना

कॅमेरा चालू करून पाच-दहा मिनिटं राहू द्या, एसी ऑफिसातून तापलेल्या सबस्टेशनमध्ये आलात तर आणखी थोडा वेळ. मध्येच 'टिक' आवाज येऊन चित्र क्षणभर थिजतं. आतलं शटर समोर येऊन कॅमेरा स्वतःला जुळवून घेत असतो, बिघाड नव्हे. महत्त्वाच्या फोटोआधी हे मुद्दाम करून घ्यायचं असेल तर फोटो बघण्याचं बटण दोन सेकंदांहून जास्त दाबून धरा.

फीडरवर (पॅनलमधून पुढे वीज नेणाऱ्या प्रत्येक लाइनवर) क्षमतेच्या निदान ४० टक्के लोड हवा आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट फोटोसोबत लिहून घ्यायलाच हवा. त्याशिवाय थर्मल फोटोला काडीची किंमत नाही. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. अर्ध्या लोडवर ५ अंशांचा दिसणारा फरक पूर्ण लोडवर २० च्या घरात जाऊ शकतो. रविवारी कारखाना बंद असताना केलेलं स्कॅनिंग म्हणूनच निरुपयोगी.

स्केल (कोणत्या तापमानाला कोणता रंग ते) ऑटोवर असलं की कॅमेरा चौकटीतल्या सर्वांत गरम गोष्टीला पिवळा-पांढरा रंग देतो, मग ती ३८ अंशांवर का असेना. ठणठणीत पॅनलसुद्धा पेटल्यासारखा दिसतो. पहिल्या फीडरवर स्केल लॉक करा आणि त्याच स्केलवर बाकीचे फीडर काढा.

आता निदान. समजा एमसीसीबीच्या (मोठ्या सर्किट ब्रेकरच्या) आऊटगोइंगला आर फेज ५२, वाय ५४ आणि बी ७१ अंश आहे आणि करंट तिन्हीकडे सारखा. अमेरिकेतल्या नेटा या इलेक्ट्रिकल टेस्टिंगच्या संस्थेच्या तक्त्यानुसार सारख्या लोडवरच्या सारख्या भागांत १ ते ३ अंश फरक म्हणजे तपासून बघा, ४ ते १५ म्हणजे दुरुस्ती ठरवा, १५ च्या वर म्हणजे ताबडतोब. बी फेज ताबडतोबमध्ये गेला. मग रंग कसा उतरतो ते बघा. लगाशी सर्वांत गरम आणि केबलवर पुढे उतरत गेलेला असेल तर जोड ढिला किंवा क्रिम्पिंग (लग केबलवर दाबून बसवणं) खराब. केबल जिथवर दिसते तिथवर सारखीच गरम असेल तर तो ओव्हरलोड, आणि लग आवळून काही होणार नाही. एचआरसी (मोठा करंट तोडणाऱ्या) फ्यूजची एकच बाजू गरम असेल तर त्या बाजूची पकड सैल. एमसीबी मधोमध गरम असणं आणि कॉन्टॅक्टरची (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल कोमट असणं हे नेहमीचं. नवखे लोक हेच 'हॉटस्पॉट' म्हणून रिपोर्टमध्ये भरतात. सिंगल-कोर केबली लोखंडी ग्लँड प्लेटमधून (केबली पॅनलमध्ये शिरतात त्या पत्र्यातून) वेगवेगळ्या भोकांतून नेल्या असतील तर प्लेटच तापलेली दिसते. तिथे जोड निर्दोष असतात. प्लेट बिनचुंबकी करावी लागते.

कॅपॅसिटर बँकेत उलटं बघा. बाकीचे डबे गरम आणि एकच थंड असेल तर तो थंड डबा मेलेला आहे.

दुरुस्ती म्हणजे पाना घेऊन जोर लावणं नव्हे. ॲल्युमिनियमचा लग जास्त आवळला की दबतो आणि महिनाभराने पुन्हा ढिला होतो. शटडाऊनमध्ये उघडा, साफ करा, तांब्याच्या बसबारवर ॲल्युमिनियम येत असेल तर बायमेटॅलिक (तांबं-ॲल्युमिनियम जोडलेला) लग वापरा, टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळा आणि तेवढ्याच लोडवर पुन्हा फोटो काढा.

एमएसएक्स या कॅमेऱ्याची खरी ताकद. साध्या कॅमेऱ्यातल्या कडा आणि छापील अक्षरं थर्मल चित्रावर उमटतात, त्यामुळे फीडरचं नाव फोटोतच वाचता येतं. कडा सरकलेल्या दिसल्या तर अलाइनमेंट डिस्टन्स बदला. दोन लेन्स वेगवेगळ्या जागी असल्यामुळे तसं होतं. फोटोच्या जेपीजी फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचं तापमान असतं आणि एमिसिव्हिटी नंतर संगणकावरही बदलता येते. हा फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो सगळा डेटा जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छतावरच्या सोलरसाठी चालतो. कडक ऊन हवं, निदान ६०० वॅट प्रति चौरस मीटर, आणि स्वतःची सावली किंवा सूर्याचं प्रतिबिंब चौकटीत येणार नाही असा कोन. सोलर पॅनलचा एक तृतीयांश भाग सरसकट गरम दिसला तर बायपास डायोडकडे (बिघडलेला भाग वगळून करंट पुढे नेणाऱ्या भागाकडे) बघा. मात्र ३ इंची स्क्रीन भर उन्हात वाचणं जिकिरीचं आहे, टोपीची सावली करावी लागते.

इमारतीतली गळती शोधायला घेणाऱ्यांनी सबुरीने घ्यावं. कॅमेरा पाणी बघत नाही, बाष्पीभवनाने गार झालेली भिंत बघतो. मुंबईत किंवा कोकणात ऐन पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं आणि भिजलेली भिंतही कोरडीसारखी दिसते. पाऊस उघडल्यावर बघा आणि मॉइश्चर मीटरने खात्री करा.

निगा

काम झालं की लेन्सच्या खालची पट्टी सरकवून झाकण बंद करा. ही सवय एकटीच निम्मी दुरुस्ती वाचवते. लेन्सला शर्टाचं टोक लावायचं नाही. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग ९६ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाने एकदाच हलकं पुसा आणि तो बोळा टाकून द्या. दुसऱ्यांदा वापरला तर आधीच्याच धुळीचे कण ओरखडे काढतात. कॅमेरा सूर्याकडे किंवा लेझरकडे रोखू नका.

आयपी५४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) म्हणजे शिंतोडे चालतील, पावसात धरायचा नाही. यूएसबीचं रबरी झाकण घट्ट लावा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेल ठेवा आणि लेन्सवर दव दिसलं तर पुसत न बसता कॅमेरा बाहेरच्या हवेच्या तापमानाला येऊ द्या. बॅटरी चार तास चालते आणि अडीच तासांत ९० टक्के भरते. दिवसभराच्या ऑडिटला दुसरी हवीच. चार्जिंग ४५ अंशांच्या आत करायचं, म्हणजे मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत नाही.

कॅलिब्रेशन वर्षाला करून घ्या. मधल्या काळात घरची तपासणी: बर्फाचा चुरा भांड्यात गच्च भरा, पाणी ओता, ढवळा आणि एमिसिव्हिटी ०.९७ ठेवून अर्ध्या मीटरवरून बघा. उणे २ ते अधिक २ मध्ये आकडा आला तर ठीक.

कंपनीची वॉरंटी कॅमेऱ्याला २ वर्षं आणि डिटेक्टरला १० वर्षं, पण खरेदीपासून ६० दिवसांत नोंदणी केली तरच. बिल फाइलला लावून विसरू नका. जुना घेत असाल तर विकणाऱ्याने ती नोंदणी केली होती का ते विचारा, मग कॅमेरा सावलीतल्या साध्या भिंतीवर धरा. भिंतीवर न हलणारे ठिपके दिसले, किंवा 'टिक' झाल्यावरही चित्र डागाळलेलंच राहिलं, तर घेऊ नका.