डोंगरातलं जंगल आणि ८×४२ ची दुर्बीण: काही महिने वापरल्यानंतर

"दहापटीची मिळत होती, मग आठपट कशाला घेतलीस?" गळ्यात ८×४२ ची दुर्बीण, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं असलेली, दिसली की हा प्रश्न ठरलेला. माळरानावर किंवा तलावाकाठी दहापट घेणाऱ्यांचं बरोबरच आहे. तिथे पक्षी लांब असतो, पण उघड्यावर असतो आणि बऱ्याचदा एका जागी थांबतो. उंचावरच्या दाट जंगलात गणित उलटं होतं. पक्षी जेमतेम वीस मीटरवर असतो, पण पानांआड, आणि दोन सेकंदांत फांदी बदलतो. तो मोठा दिसण्याआधी सापडायला तरी हवा!

माझ्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण १४० मीटर रुंदीचा भाग दिसतो. दहापटीच्या बऱ्याच दुर्बिणींत तो ११०-११५ च्या आसपास असतो. वीस मीटरवर आणून बघितलं तर पावणेतीन मीटर विरुद्ध सव्वादोन. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण मिश्र थवा येतो, वरच्या फांद्यांत निखार, खोडावर उलटी चालणारी शिलींध्री, मध्येच शेपटीचा पंखा उघडणारी नाचण आणि सगळीकडे पर्णवटवटे, तेव्हा त्या अर्ध्या मीटरची किंमत कळते. शिवाय चढ चढून धाप लागलेली असते. हाताची थरथर दहापटीत जास्त मोठी दिसते. पर्णवटवट्याच्या पंखावरची फिकट पट्टी एक आहे की दोन, यावर ओळख अडलेली असताना चित्र हलून चालत नाही.

फोकसच्या चाकाबद्दल जाहिरातीत कोणी फारसं बोलत नाही. जंगलात मात्र सगळा खेळ त्याचाच. डोंगरातल्या पायवाटेची मजा अशी, की खालच्या उतारावरच्या झाडांचे शेंडे बरोबर डोळ्यांसमोर येतात, मान मोडून वर बघावं लागत नाही. पण त्याच पायवाटेवर एक पक्षी हाताच्या अंतरावरच्या झुडपात असतो आणि दुसरा दरीपलीकडच्या वाळक्या झाडावर. माझ्या दुर्बिणीचं चाक सव्वा फेऱ्यात दोन मीटरपासून पार क्षितिजापर्यंत जातं, आणि हा वेग मला पुरेसा वाटतो. थंडीतल्या पहाटे मात्र ते जड होतं. आतलं वंगण घट्ट होत असावं. ऊन वर आलं की पुन्हा सुरळीत. दुर्बीण निवडताना मी आता भिंगाआधी चाक फिरवून बघायला सांगतो.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. ४२ ला ८ ने भागा, ५.२५ मिलिमीटर येतात. दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. दहापटीत तीच ४.२ होते. भर दुपारी काही फरक पडत नाही, कारण आपल्या डोळ्याची बाहुलीच तेव्हा दोन-तीन मिलिमीटर असते. पहाटे, दाट सावलीत, जमिनीवर कस्तूर पालापाचोळा उलटत असतो तेव्हा पडतो. चोचीने एकेक पान बाजूला उडवायचं, थांबायचं, मान तिरकी करून ऐकायचं, मग पुढचं पान. नुसत्या डोळ्यांना ती हलणारी काळी सावली असते. दुर्बिणीतून छातीवरचे ठिपके मोजता येतात.

आता कुरकुर. पांढऱ्या आभाळासमोर, उघड्या फांदीवर पक्षी बसला की त्याच्या कडेला जांभळी झालर दिसते. महागड्या काचेत ती कमी असते म्हणतात, आणि शेजाऱ्याच्या दुर्बिणीतून बघितल्यावर ते पटलं. तरी त्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. धुक्याचं म्हणाल तर कुठलीच दुर्बीण धुकं कापत नाही, पक्ष्याबरोबर धुकंही आठपट जवळ येतं. अशा दिवशी कान वापरावेत. आवाजावरून पक्षी सुचवणारं मर्लिनसारखं ॲप चांगलं आहे, पण ओढ्याच्या खळखळाटात आणि वाऱ्यात ते गोंधळतं, म्हणून त्याचं उत्तर मी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत लिहीत नाही. (आणि त्याच फोनवर आवाज लावून पक्ष्याला बाहेर बोलावणारे भेटले की माझं डोकं फिरतं. विणीच्या काळात तो बिचारा घरटं सोडून खोट्या शत्रूशी भांडायला येतो.)

दुर्बिणीत नायट्रोजन वायू भरल्यामुळे ती आतून वाफ धरत नाही, हे पावसाळी हवेत तपासून झालं. बाहेरून मात्र धरते. थंडगार भिंगावर आपलाच श्वास बसतो. श्वास रोखायचा नाही, फक्त तोंडाने सोडायचा नाही. घरी आल्यावर दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत ठेवू नका, पिशवी ओल धरते आणि ओलीबरोबर बुरशी येते. माझी झाकणबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते.

सोबत आलेला पट्टा पहिल्याच आठवड्यात काढून टाकला. सातशे ग्रॅम वजन हातात काहीच वाटत नाही, पण पाचव्या तासाला मानेला ते पुरतं कळतं. खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावल्यापासून ती तक्रार गेली. फक्त पाठपिशवी आणि रेनकोट यांच्यासोबत त्याचे पट्टे गुंततात, तेव्हा आधी हार्नेस, वर रेनकोट हाच क्रम.

चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली करून बघावं आणि चित्राची गोल कड अख्खी दिसते का ते तपासावं. मला दिसते. पण या कपांनीच मला सगळ्यात जास्त पिडलंय. उजवा ढिला होऊन चालता चालता आपोआप वर येतो. दुरुस्तीला दिली तर आठवडाभर ठेवून "हे असंच असतं" म्हणून परत केली. सध्या आतून चिकटपट्टीचा एक वेढा दिलाय. पावसात तो सुटतो, मग परत लावतो.