लिनक्स मिंटमधील एक्सएफसीई डेस्कटॉप

विंडोज १० ला मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि घरातील जुन्या लॅपटॉपचे काय करावे, हा प्रश्न अनेकांप्रमाणे माझ्यापुढेही उभा राहिला. चार जीबी रॅम आणि जुन्या धाटणीची हार्ड डिस्क असलेल्या या यंत्रावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवली. मिंट तीन रूपांत मिळते: सिनॅमन, एक्सएफसीई आणि मराठी आडनावासारखे वाटणारे माटे (हे नाव प्रत्यक्षात दक्षिण अमेरिकेतील एका पेयाचे आहे). तिन्ही रूपे पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. तसे पाहूनच मी एक्सएफसीई निवडले.

विंडोजमधून येणारा माणूस गोंधळतो तो नेमका येथेच. लिनक्समध्ये मूळ प्रणाली वेगळी असते आणि पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज यांचा संच वेगळा असतो. या संचालाच डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट किंवा नुसते डेस्कटॉप म्हणतात; मिंटची तीन रूपे म्हणजे असे तीन डेस्कटॉप. नवशिक्याचा रोजचा संबंध याच संचाशी येत असल्याने, कोणती प्रणाली घ्यावी याचा आठवडाभर काथ्याकूट करण्यापेक्षा डेस्कटॉप आधी ठरवावा, असे माझे मत झाले आहे.

एक्सएफसीईची सुरुवात १९९६ ची, म्हणजे केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्याच वयाची. ग्नोम या आणखी एका डेस्कटॉपने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत तळची पट्टी आणि मेनू ही सवयीची मांडणी मोडीत काढली, तेव्हा ती टिकवण्यासाठी माटे आणि सिनॅमन पुढे आले. एक्सएफसीईने ती कधी सोडलीच नव्हती. त्यामुळे मिंटमध्ये मेनू डाव्या कोपऱ्यात आणि घड्याळ उजव्या कोपऱ्यात, असे सारे ओळखीच्या जागी सापडते. थुनार हा फाइल मॅनेजर या जुन्या डिस्कवरही रेंगाळत नाही. ब्राउझरमध्ये डझनभर टॅब उघडल्यावर मात्र चार जीबी रॅम अपुरी पडतेच. डेस्कटॉप हलका असला तरी वेबसाइट हलक्या होत नाहीत.

मराठी टंकलेखनाची सोय प्रणालीतच आहे. कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये 'लेआउट' या भागात जाऊन सिस्टिमची मूळ निवड वापरण्याचा पर्याय आधी बंद करावा लागतो आणि मगच भारतीय लेआउटमधील मराठी इन्स्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडता येते. ही पायरी ठाऊक नसल्याने माझा बराच वेळ गेला. उच्चारानुसार टंकलेखन करणाऱ्यांनी आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम आणि त्याचे एम१७एन हे पॅकेज घ्यावे.

उणिवा आहेतच. काही थीममध्ये विंडोची कड इतकी बारीक असते की ती माउसने पकडता पकडता वैताग येतो. ऑल्ट दाबून उजव्या बटणाने विंडो ओढली की आकार बदलतो, पण हे नवशिक्याला कोण सांगणार? टचपॅडवर तीन बोटांच्या हालचालींची ज्यांना सवय आहे, त्यांनी आणि दाट पिक्सेलचा नवा पडदा असणाऱ्यांनी ग्नोम किंवा केडीईकडे वळावे.

एकाच यंत्रावर दुसरा डेस्कटॉपही बसवता येतो आणि लॉगइनच्या वेळी हवा तो निवडता येतो. हौसेपोटी मी तेही केले. मेनूत दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल आणि दोन-दोन सेटिंग्ज दिसू लागल्यावर चार दिवसांत तो काढून टाकला.